न विचारता घेतलेला चेहरा

पुणे, ५ जानेवारी २०२५

आत्या,

तुझं पत्र मिळालं. फोनवर तुला नीट ऐकू येत नाही म्हणून आपण लिहितो, हे मला सोयीचंच आहे. लिहिताना खोडता येतं.

तुमच्या गावच्या वामनरावांना त्यांच्या शिलेदार पूर्वजाचा पुतळा हवा आहे, ते काम मी घेते. पण त्यांना काय मिळणार ते तू आधी नीट सांग. चौकात बसवतात तसा हा पुतळा नाही. छातीपर्यंतचा अर्धपुतळा, उंची आठ सेंटिमीटर, म्हणजे तुझ्या चहाच्या कपाएवढा. मराठा शिलेदाराचा रेझिनचा पुतळा तयार मिळतो. पागोटं, साखळ्यांचं चिलखत, आत कापूस भरलेला रुईदार अंगरखा. चेहरा मात्र सगळ्यांचा एकच असतो. तो मी पुट्टीने बदलते आणि मग रंगवते. दिवसभर लॅबमध्ये सिरॅमिकचे दात करते, रविवारी हे. दोन्हीकडे ब्रश तेच, भिंग तेच.

त्यांचे हे पूर्वज कसे दिसत याचं चित्र, वर्णन, घरातली आठवण, काहीही असेल तर कळव. मला मनाने चेहरा करता येत नाही. बघून करता येतो. नवा दात चांगला झाला म्हणजे काय, तर तो शेजारच्या दातासारखा दिसला. पाच वर्षं तेच केल्यामुळे हात तसाच वळला आहे.

शक्य असेल तर तिकडची काळी माती मूठभर पाठव. वाळवून, चाळून. धूळ दाखवायला रंगापेक्षा माती बरी पडते.

निशिगंधा


जानेफळ, १९ जानेवारी

निशी,

वामनरावले सांगतलं. कपाएवढा म्हटल्यावर त्यांचं तोंडच उतरलं. मंग म्हणाले, देव्हाऱ्यातले देव तरी कुठं मोठे असतात. आखजीले, तुमच्या अक्षय तृतीयेले, पाहिजे म्हणतात. पितरांचा दिवस, तवा घरातल्या समद्यात मोठ्या पितराचं दर्शन झालं पाहिजे. त्यांची माय सत्यभामाबाई चौऱ्याऐंशीची आहे. तिच्या डोळ्यांदेखत व्हावं अशी त्यांची लई इच्छा.

चित्र नाही. जुन्या कागदात चार ओळी आहेत, त्या मी उतरून आणल्या. बापूजीराव, अंगानं उंच, डोळे घारे, तोंडावर देवीचे व्रण, डाव्या गालावर तलवारीचा वार. नाक कसं, कान कसा, काही नाही. मी वामनरावले विचारलं तं म्हणाले, पोरीले सांगा खानदानी करा म्हणून. आता खानदानी नाक कसं असते ते तूच पाह्य.

मातीची पुडी सोबत आहे. रंगरावनं आणून देली. कचरा निवडून, माह्या ओढणीतून चाळून. रंगराव तुले आठवते ना, वामनरावचा सालदार, चाळीस वर्षांपासून त्यांच्याच शेतात आहे. दिवाळीत मी दवाखान्यात गेली होती तवा तू त्याले चाय पाजला होता. अजून नाव काढते, पोरीचा चाय लई गोड होता म्हणते. त्याची बायको सिंधूताई म्हणे, पोरीले सांगा, त्याले साखर मना आहे.

तुझ्या लग्नाचं मी काही विचारत नाही. तुह्या बापानं विचारायले सांगतलं होतं, म्हणून विचारलं नाही एवढं लिहिलं.

तुझी आत्या


पुणे, ९ मार्च

आत्या,

काम बरंच पुढे गेलं आहे. तू विचारलं नाहीस, पण लिहिते, म्हणजे वामनरावांना सांगायला बरं.

त्वचेला एक रंग नसतो. जबड्यावर, जिथे दाढीचे खुंट असतात, तिथे खालून हिरवट निळा लागतो. नाकाचा शेंडा आणि कानाच्या कडा लालसर. डोळ्याखाली जांभळट. हे सगळे थर पाण्यासारखे पातळ, एकावर एक, आधीचा वाळल्यावरच पुढचा. चेहऱ्यावर आतापर्यंत बावीस झाले. देवीचे व्रण सुईच्या टोकाने केले. खड्ड्याची वरची कड गडद, खालची उजळ, म्हणजे डोळ्याला खोली दिसते. प्रत्यक्षात तिथे खड्डा नाही. तलवारीचा वार फिका आणि थोडा चकचकीत ठेवला, कारण जुन्या वणावर छिद्रं नसतात. कपाळावर आणि नाकावर घामाची झाक आहे. ती म्हणजे फक्त वॉर्निशचा एक हात. चिलखताला गंज दाखवला, स्पंजाने तीन तपकिरी रंग टिपून. खांद्यावर तुमची माती.

हे सगळं दिसण्यापुरतं आहे. गंज खरा नाही, घाम खरा नाही. काचेच्या पेटीत ठेवायचं, हात लावायचा नाही, पाणी तर अजिबात नाही. हे वामनरावांना दोनदा सांग.

चेहरा जमला आहे. कसा ते विचारू नकोस. हात एकदा लागला की लागतो.

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात पार्सल करते.

निशिगंधा


जानेफळ, ४ मे

निशी,

आखजी झाली. बस रडायचं बाकी होतं वामनरावचं, इतके खुश झाले पेटी उघडून. म्हणाले, हे तं आमच्या आबाचंच नाक आहे. आबा म्हणजे त्यांचा आजा. समद्या घरानं मान हलवली. खानदान लपत नाही म्हणे.

आता तुले राग येईन, पण सांगते. पेटीत ठेवलं नाही. देव्हाऱ्यात ठेवलं, पितरांच्या घागरीजवळ. अन् पंचामृत घातलं. मी म्हटलं पोरीनं पाणी लावू नका म्हणून सांगतलं आहे, तं सत्यभामाबाई म्हणाली, दूध आहे, पाणी कुठं आहे. आदल्या दिवशीच तिनं चिंच लावून छातीवरचा गंज घासला. इतका गंज घेऊन पितर बसतात का घरात, म्हणे. निघाला म्हणून किती समाधान तिले. अन् तोंडावर घाम दिसते म्हणून देव्हाऱ्यापुढं टेबलफॅन लावला.

इथपर्यंत हसण्यासारखं होतं.

जेवाले तीस-पस्तीस माणूस. रंगराव आंब्याची पाटी घेऊन आला अन् दारात उभा राह्यला. वामनरावचा अमडापूरचा जावई ज्ञानेश्वर आहे ना, त्याच्या जिभेले हाड नाही. त्यानं एकदा देव्हाऱ्यात पाह्यलं, एकदा दारात. म्हणते, "अबे, हा तं रंगराव पागोटं बांधून बसला." समदे हसले. रंगरावबी हसला. मंग ज्ञानेश्वर जवळ गेला अन् म्हणाला, "कानाची पाळीबी तुटकी आहे की." रंगरावची पाळी बैलाच्या शिंगानं तुटलेली, गावाले माहीत आहे. हसणं थांबलं. वाढणारीच्या हातातली पोळी तशीच राह्यली.

आता तूच जोडून पाह्य. नाक आबाचं आहे हे घरानंच सांगतलं. नाक रंगरावचं आहे हे समद्यायनं डोळ्यानं पाह्यलं. मंग लोकायनं काय अर्थ काढला असन? रंगरावची माय भिवराबाई त्या घरी दळण-कांडण करे. तिचा नवरा खामगावले कापसाच्या जिनिंगमध्ये कामाले, सहा-सहा महिने घरी नसे. रंगराव तवाचाच.

कान तुटला तो शिंगानं, तो रक्तात कसा येईन, हे कोणी विचारत नाही. मले वाटलं होतं विचारावं. पण मीबी विचार करून राह्यली, निशी. तू तं कागदावरून केलं. रंगरावले तू एकदा चाय पाजला, त्यावरून कोणी चेहरा ध्यानात ठेवते का? मंग तुह्या हातात तो आला कुठून? रक्त बोलते म्हणतात ते असंच असन.

आत्या


पुणे, ११ मे (हे पाठवलं नाही)

आत्या,

दिवाळीत तू दवाखान्यात गेलीस तेव्हा रंगराव ओसरीवर बसले होते. सकाळचं ऊन बाजूने येत होतं. अशा उजेडात त्वचेतली रेघ न् रेघ उठते. मी चौतीस फोटो काढले, दोन्ही बाजूंनी, जवळून. ते म्हणाले, "काऊन काढता ताई फोटो?" मी म्हणाले, "सहज." त्यांनी टोपी सरळ केली. मी ती काढायला सांगितली, कान दिसावा म्हणून. त्यांनी काढली आणि मांडीवर ठेवली.

मी असे फोटो जमवते. त्वचा लागते कामाला. तेव्हा हे काम आलं नव्हतं. काम आल्यावर मी तेच फोटो भिंगाशेजारी लावले आणि नाक, गाल, कपाळ, डोळ्यांच्या पापण्यांचा भार, सगळं तिथून घेतलं. घारा रंग, व्रण आणि वार तेवढे कागदातले.

कान बदलता आला असता. दहा मिनिटांचं काम होतं. बदलला नाही, कारण माझ्या हातून इतका चांगला कान आधी झाला नव्हता.

हे मी पाकिटात घालणार नाही, हे मला लिहितानाच माहीत आहे.


पुणे, ११ मे

आत्या,

चिंचेचं वाचलं. आम्ल रंगाला चालत नाही, पण झालं ते झालं. पंचामृत पुन्हा घालू नये. दुधाचा अंश चिलखताच्या कड्यांत राहतो आणि वास येतो. कुंकू लावलं असेल तर कोरड्या मऊ ब्रशने झटकावं. टेबलफॅनने नुकसान नाही.

साम्याचं म्हणशील तर ते योगायोगाने येतं. लोक चार दिवस बोलतील.

तू गोळ्या वेळेवर घे.

निशिगंधा


जानेफळ, २ जून

निशी,

चार दिवसांचा महिना झाला.

रंगराव कामाले जाणं बंद झाला. त्याले कोणी नको म्हटलं नाही. पण वामनराव त्याच्याशी बोलत नाही, समोर आला तं फोन काढून कानाले लावते. चाळीस वर्षं ज्याच्या हातात गोठ्याची चावी होती त्यानं ती ओट्यावर ठेवून देली अन् आला. त्या पुतळ्याचंबी तसंच. पूजा झाली म्हणून काढता येत नाही, अन् पाहवतबी नाही. सत्यभामाबाई सकाळी त्याच्या तोंडावर झेंडू ठेवते, म्हणजे तोंड झाकते.

सिंधूताई गहू घेऊन गिरणीवर गेली होती. तिथं एकीनं म्हटलं, आता तुमाले दळण कायले पाहिजे, तुमी तं मोठ्या घरच्या. दुसरी म्हणाली, सासूनं दळलं तेवढं पुरलं. सिंधूताई गहू तसाच डोक्यावर घेऊन परत आली. मी ओट्यावर होती. मले पाहून तिनं पदर तोंडावर घेतला अन् गेली. माह्याशी अशी कधी वागली नाही ती.

काल रंगराव आला. चाय घेतला नाही. उभ्यानंच म्हणाला, "बाई, पोरीले एक विचारा. तिनं कोणाले पाहून केलं."

मी म्हटलं, कागदावरून केलं, मीच उतरून देला होता.

"तुमी विचारा तं."

मी म्हटलं, रंगराव, तुमाले काय वाटते? तं म्हणाला, "मले काही वाटत नाही. माय मेली तवा तिच्या हाताले घट्टे होते, ते चितेवरबी दिसत होते. जातं ओढून पडलेले. त्या घरानं तिले दळणाच्या वर एक शब्द कधी बोलला नाही, अन् तिनं ऐकून घेतला नसता. बस, पोरीले विचारा."

म्हणून विचारते. काय लिहू त्याले?

आत्या


पुणे, १० जून

आत्या,

उत्तर असं आहे: रंगरावांना पाहून केलं.

दिवाळीत तू दवाखान्यात असताना मी त्यांचे चौतीस फोटो काढले. कशासाठी हे त्यांना सांगितलं नाही. त्यांनी विचारलं होतं, मी "सहज" म्हणाले. तुला नऊ मार्चच्या पत्रात लिहिलं की हात लागला की लागतो. ते खोटं होतं. अकरा मेला साम्याला योगायोग म्हटलं. तेही खोटं, आणि ते जास्त वाईट, कारण तोवर तुझ्या पत्रातून मला भिवराबाईंबद्दल कळलं होतं. त्याच दिवशी तुला खरं लिहिलं होतं. ते माझ्या खणात आहे. पाठवलं नाही याचं कारण शोधलं तर एकच सापडतं. काम चांगलं झालं होतं आणि ते माझ्या नावावर राहावं असं मला वाटत होतं. काम तू मिळवून दिलंस, तुझा शब्द जाईल, ही सबब मी नंतर स्वतःला सांगितली.

वामनरावांना त्या नाकात आजोबा दिसले ते कशामुळे, ते मी सांगू शकत नाही. माणसाला सांगितलं की हा तुझा पूर्वज, की तो त्यात आपलं काहीतरी शोधतो. दात बसवल्यावरही लोक म्हणतात, अगदी माझाच.

रंगरावांना ते फोटो नक्की आठवत असणार. टोपी मी काढायला लावली होती. तरी त्यांनी गावात, तुझ्यासमोरही, माझं नाव घेतलं नाही, फक्त विचारायला सांगितलं. मला हे पत्र लिहायला तुझ्या प्रश्नानंतर आठ दिवस लागले.

हे पत्र वामनरावांच्या घरी सगळ्यांसमोर वाच. सत्यभामाबाई असतील तेव्हा, आणि ज्ञानेश्वर येतील तेव्हा. एक शब्द गाळू नकोस. मी घेतलेलं मानधन परत करते.

निशिगंधा


जानेफळ, २० जून

निशी,

तुझं पत्र तीन खेपा वाचलं अन् पिठाच्या डब्याखाली ठेवलं. वामनरावकडे नेलं नाही.

मले काय झालं ते ऐक. गोष्ट मीबी बोलली. तीन घरी. मी म्हटलं, माह्या भाचीनं कागदावरून केलं, न पाहता, अन् रंगराव निघाला, आता काय म्हणावं. लोकायले जे अर्धं वाटत होतं ते माह्या तोंडून पक्कं झालं. गिरणीवरची ती बाई माह्याच गल्लीतली आहे. सिंधूताईनं पदर तोंडावर घेतला तो लाजेनं नाही घेतला. तिनं माह्याकडे पाहणं बंद केलं होतं, अन् मले कळलं नाही.

मी रंगरावच्या घरी गेली. तुझं पत्र त्याले वाचून दाखवलं. सिंधूताई आतून ऐकत होती. मी विचारलं, रंगराव, तुमाले माहीत होतं तं काऊन नाही बोलले? म्हणाला, "मी बोललो असतो तं काय म्हणले असते? मायले वाचवाले खोटं सांगून राह्यला. ज्यानं केलं त्यानंच बोललं पायजे." मी म्हटलं, मंग हे पत्र वाचते मी समद्यांपुढं. तं सिंधूताई बाहेर आली. म्हणाली, "त्या लोकायनं कागदावर नाव नाही घेतलं माह्या सासूचं. तोंडानं घेतलं, घरोघरी. कागद वाचून काय होते. तिले म्हणा ये."

म्हणून लिहिते. ये.

तुह्यावर रागावली आहे. पण तेवढीच माह्यावर.

आत्या


पुणे, २६ जून

आत्या,

शनिवारी, ५ जुलैला दुपारपर्यंत पोचते. फोटो छापून आणते, सगळे. जेवणाचं काही करू नकोस.

निशिगंधा


पुणे, २० जुलै

रंगरावकाका,

हे पत्र समीक्षा तुम्हाला वाचून दाखवेल. तुमची नात मोठ्याने आणि न अडखळता वाचते, हे मी त्या दिवशी ऐकलं.

वामनरावांच्या घरात तुम्ही आला नाहीत, बाहेर लिंबाखाली थांबलात. आत काय झालं ते तुम्हाला कुणीतरी सांगितलं असेल, पण माझ्याकडून सांगायचं राहिलं.

मी चौतीसही फोटो सतरंजीवर मांडले आणि मधे पुतळा ठेवला. वामनरावांनी पहिलाच फोटो उचलला, पुतळ्याशेजारी धरला आणि श्वास सोडला. म्हणाले, "म्हणजे आबा सुटले." घरातले सगळे मोकळं हसले. कुणीतरी चहा टाकायला उठलं. भिवराबाईंचं नाव कुणी घेतलं नाही. म्हणून मी घेतलं. म्हटलं, बोललं गेलं ते त्यांच्याबद्दल, आबांबद्दल नाही. तेव्हा वामनराव म्हणाले, "हाव, ते तं आहेच."

सत्यभामाबाई कोपऱ्यात होत्या. त्या म्हणाल्या, "मी या घरात आली तवा भिवरा होती. ती सासऱ्याच्या सावलीतबी उभी नाही राह्यली कधी. मले माहीत होतं." मी विचारलं, मग दोन महिने तुम्ही बोललात का नाही? त्या म्हणाल्या, "मले कोणी विचारलं?"

मग सिंधूताईंनी मला घरोघरी नेलं. बावीस घरं झाली. प्रत्येक दारात मी एकच वाक्य बोलायचं असं त्यांनी ठरवलं होतं: तो चेहरा मी रंगरावांचे फोटो पाहून केला, त्यांना न विचारता, आणि भिवराबाईंबद्दल जे बोललात ते माझ्यामुळे आणि खोटं. मी लोकांशी फार बोलत नाही. पहिल्या घरी मी पुटपुटले, तेव्हा सिंधूताई म्हणाल्या, "मोठ्यानं. ते मोठ्यानंच बोलले होते." गिरणीवाल्या बाईंनी ऐकून घेतलं आणि आत गेल्या. नवव्या घरच्या बाईंनी मला विचारलं, वामनरावनं पाठवलं का तुले, घरची गोष्ट झाकाले? मी फोटो दाखवले. त्या म्हणाल्या, फोटो तं आताबी काढता येतात. सिंधूताई दहाव्या घराकडे वळल्या. आत्या सगळ्या घरी आमच्या मागे होती, आणि तीन घरी ती माझ्याआधी बोलली.

म्हणजे सगळं पुसलं गेलं असं मी म्हणू शकत नाही. किती पुसलं गेलं ते मोजताही येत नाही.

आता दोन गोष्टी विचारायच्या आहेत. वामनरावांनी पुतळा मला परत दिला. चिलखताचा रंग गेला आहे, अंगरख्याच्या शिवणीत कुंकू बसलं आहे, चेहरा जसाच्या तसा आहे. तो चेहरा तुमचा आहे, तेव्हा त्याचं काय करायचं ते तुम्ही सांगा.

दुसरं. सिंधूताई म्हणाल्या, तुमच्याकडे आईंचा एकही फोटो नाही, आणि तुमचं तोंड त्यांच्यावर गेलं आहे. तुमची परवानगी असेल तर त्या फोटोंवरून मी त्यांचा चेहरा करून देईन. तुम्ही आणि सत्यभामाबाई सांगाल तसा बदलत जाईन. घाई नाही, कितीही वेळ लागू दे. या वेळी आधी विचारते आहे.

निशिगंधा


जानेफळ, ३ ऑगस्ट

निशिगंधा ताईले,

आजोबा सांगून राह्यले, मी लिहून राह्यली. त्यायनं सांगतलं की एकबी शब्द तुह्या मनाचा घालू नको. म्हणून त्यायचंच लिहिते. समीक्षा.

ताई, तुमचं पत्र पोरीनं दोनदा वाचलं. तुमी आल्या, बोलल्या, ते मी लिंबाखालून ऐकलं. माह्या मायचं नाव त्या घरात तुमीच घेतलं, बाकी कोणी नाही, ते मले समजलं.

वामनरावनं बोलावणं पाठवलं, झालं गेलं विसरा म्हणून. मी गेलो नाही. सध्या लोकायच्या सोयाबीनमध्ये निंदणाले जातो, सिंधूबी येते. नवव्या घरची बाई आमच्याच ओळीत असते. ती काही बोलत नाही, आमीबी नाही. ओळ संपली की पाणी ती देते. सिंधूनं अजून तिच्या हातचं घेतलं नाही. मी घेतो. तहान लागते.

पुतळ्याचं विचारलं. त्याचं तोंड घासून टाका. पॉलिश पेपर असन तुमच्यापाशी. पागोटं अन् चिलखत राहू द्या, ते तुमचं काम आहे. दुसरं तोंड बसवायचं तं ज्याचं बसवाल त्याले विचारा.

मायचं नका करू.

तुमी चांगलंच कराल, मले माहीत आहे. तुमच्या हातात तेवढं आहे. पण तुमी माह्या तोंडावरून कराल, अन् सत्यभामाबाई सांगन तसं कराल, मंग एक बाई तयार होईन. तिले पाहून गाव म्हणन, हाव, ही भिवरा. मीबी म्हणन. दोन-चार वर्षं रोज पाह्यलं की मले दुसरी आठवणार नाही.

आता कसं आहे, डोळे मिटले की ती जात्यापाशी बसलेली दिसते. तोंड पुरं दिसत नाही. उजेड दारातून येते अन् ती दाराकडे पाठ करून बसलेली असते. मी हाक मारली की मान थोडी वळवते. तेवढंच दिसते, पण ती तीच असते.

तेवढं मले राहू द्या.

रंगराव